तिसरा शनिवार आणि लाल दात

"दाखव! दात दाखव!"

हुलिदेवाच्या, म्हणजे आमच्या वाघदेवाच्या, कट्ट्यापुढे दोनशे माणसं एका सुरात ओरडत होती आणि मधोमध बंगार्या दोन्ही हातांनी तोंड झाकून उभा होता. मावीनकोडलू गावात एवढी गर्दी मी यक्षगानालाही पाहिली नव्हती. बायका कुंपणाला टेकून, पोरं फणसावर, आणि सुपारीच्या हंगामात मान वर करायला फुरसत नसलेले आमचे बागाईतदार हातातली कामं टाकून टाचा उंचावून उभे.

दगडी वाघाशेजारी, वाघाच्या पट्ट्यांचं छापील कापड खांद्यावर टाकून, गिंडीस्वामी बसले होते. हातात तोटीची पितळी गिंडी. तिच्यावरून लोकांनीच त्यांचं हे नाव पाडलेलं.

"जीभ खोटं बोलेल!" स्वामी गरजले. "डोळे खोटं बोलतील! वकील तर बोलेलच बोलेल! पण दात? दात म्हणजे हाड. हाडाला लाच देता येत नाही! हुलिदेवाने या तीर्थात आपली नजर सोडलीय. खोट्याच्या दातांना ती चिकटते, खऱ्याच्या दातांवरून घसरते! काढ रे हात!"

दोघांनी बंगार्याचे हात ओढून काढले. त्याने तीर्थाची चूळ भरली होती, वर साध्या पाण्याने दोनदा खळखळूनही टाकली होती, तरी दात लालभडक. हिरड्यांच्या कडेने तर कुणी कुंचल्याने रेघ ओढावी तशी लाली.

"अय्यय्यो!" बायका ओरडल्या.

मग त्याचे धनी सुब्राय हेगडे पुढे झाले. सुपारीचं एक पोतं चोरल्याचा आळ त्यांनीच बंगार्यावर घेतला होता. त्यांनीही चूळ भरली, खळखळून टाकली आणि ओठ फाकले. दात शंखासारखे पांढरे. झालं! निकाल लागला.

"उद्यापासून माझ्या बागेत पाऊल टाकायचं नाही," सुब्रायण्णा म्हणाले आणि बंगार्या मान खाली घालून निघून गेला. गंमत बघा, पावसाळ्यात याच बंगार्याच्या पोरीचा, चेन्नीचा, सुजलेला घसा स्वामींनी लाल दोरा बांधून पाच दिवसांत बरा केला होता. स्वामींचा आमच्या गावातला पहिला चमत्कार तोच. तेव्हा बंगार्याने स्वामींचे पाय धुतले होते.

आता माझी ओळख करून देतो. मी महाबळ भट, गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो. भुतं, भानामती, लिंबू, बिब्बा यांवर मी इतकी व्याख्यानं दिलीयत की मला येताना पाहून लोक रस्ता बदलतात. तेव्हा मी काय गप्प बसणार?

शिवाय आदल्याच आठवड्यात मी गौरक्काचा निकाल पाहिला होता. गौरक्का म्हणजे आमच्या गावातली सगळ्यात मोठी थापाडी. शेजारणीची कोंबडी आपण पळवली नाही, अशी तिने हुलिदेवापुढे शपथ घेतली होती, आणि ती कोंबडी तेव्हा तिच्याच अंगणात दाणे टिपत होती. स्वामींनी तिला चूळ दिली, तोंडात पाहिलं आणि जाहीर केलं, "लाली नाही! साक्षात सत्यवती!" लाली दिसणार कशी? म्हातारीच्या तोंडात एकही दात नाही. पण त्यातला धडा मला तेव्हा कळला नाही. मी फक्त हसलो.

बंगार्या गेला तसा मी गर्दीत घुसलो. "थांबा! हे तीर्थबिर्थ काही नाही. हा चोगरू आहे!"

चोगरू म्हणजे सुपारी उकडल्यावर उरणारं लाल, दाट पाणी. आमच्याकडे घरोघरी त्याचे हंडे भरलेले असतात. कपड्याला लागला तर कपडा गेला, हाताला लागला तर आठवडाभर हात लाल. आमच्या गावाला लाल म्हटलं की चोगरूच आठवतो, आणि मी शेवटी त्याच गावचा.

स्वामी शांतपणे हसले. त्यांनी माझ्या ओंजळीत तीर्थ ओतलं. "चाखा, मास्तर."

मी चाखलं आणि माझा चेहरा पडला. चोगरू इतका तुरट की जीभ टाळ्याला चिकटते. दोन वर्षांचं पोरही ती चव ओळखतं. हे पाणी किंचित गोडसर, तुरटपणाचं नाव नाही. स्वामींनी चौघांना आणखी चाखायला दिलं. चौघांनीही माना हलवल्या. चोगरू नाहीच.

"मास्तर, आधी सुपारी सोलायला शिका, मग पोरांना शिकवा!" गौरक्का ओरडली आणि अख्खा कट्टा हसला.

खरं सांगतो, त्या दिवशी माझं डोकं मुळीच ठिकाणावर नव्हतं. एरवी मी आधी चव घेतली असती, मग तोंड उघडलं असतं. त्याला कारण होते डॉक्टर रत्नाकर पै.

माझी बायको नागवेणी जंतुशास्त्रज्ञ. घाट उतरून किनाऱ्यावरच्या दंत महाविद्यालयात ती काम करते, आठवडाभर तिथेच राहते आणि शनिवारी दुपारच्या बसने घरी येते. तिचं संशोधन घसा सुजवणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंवर आणि दातांवर राहणाऱ्या त्यांच्या भाऊबंदांवर. सूक्ष्मदर्शकातून ते मण्यांच्या माळेसारखे दिसतात म्हणे. चौदा वर्षं ती त्या माळा जपतेय. कुणाला साखर आवडते, कोण कुठल्या हिरडीत दडतं, कोण रक्त पाहून खवळतं, सगळं तिला तोंडपाठ. माझ्या वाढदिवसाची मात्र मला आठवण करून द्यावी लागते. होय, मला जंतूंचाही हेवा वाटायचा. हसा खुशाल.

पण जंतूंना जीप नव्हती. तिच्याच महाविद्यालयातल्या पैंना होती. शिवाय पैंना हिरवे डोळे होते, गोड आवाज होता आणि जाहिरातीत शोभतील असे दात होते. आमच्या शाळेतल्या पोरांचे घसे तपासायला दोघं आले होते, तेव्हा नागवेणी पोरांच्या घशातून कापसाची काडी फिरवायची आणि पै बाजूला उभे राहून काहीतरी बोलायचे आणि ती हसायची. काय बोलायचे? जंतूंबद्दल कुणी एवढं हसतं का?

त्यात सप्टेंबरपासून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. नागवेणी एरवी दोनच्या बसने येते. पण काही शनिवारी ती सहाला उगवायची, आणि बसने नाही, पैंच्या जीपने. फाट्यावर उतरून चालत यायची. "उशीर का झाला?" विचारलं की म्हणायची, "प्रयोगशाळेत काम होतं." मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर खुणा करायला लागलो. नऊ सप्टेंबर. तीस सप्टेंबर. एकवीस ऑक्टोबर. अकरा नोव्हेंबर. दोन डिसेंबर. तेवीस डिसेंबर. मोजून तीन-तीन आठवड्यांनी! प्रयोगशाळेतलं काम असं पंचांग बघून येतं होय? माझ्या पोटात नुसती आग पडली होती. जेवण गोड लागेना, शिकवताना फळ्यावर भलतंच लिहून जायचो.

ही आग गावाला दिसायला वेळ लागला नाही. हंगामात दुपारी सगळे सुब्रायण्णांच्या अंगणात सुपारी सोलायला बसतात. हात सुपारी सोलतात, तोंडं माणसं सोलतात.

"मास्तर, डॉक्टरीणबाई अलीकडे जीपने येतात म्हणे," गौरक्का म्हणाली. "बसमध्ये धूळ फार असते, नाही का?"

"जीपमध्ये गार वारा लागतो," दुसरी म्हणाली.

"वारा लागतो की कुणी लागतं, ते हुलिदेवाला ठाऊक," गौरक्का म्हणाली आणि बोळक्या तोंडाने हसली.

मी हातातली सुपारी टाकून उठलो. आणि जे कुणाला सांगायला मला आजही लाज वाटते, ते केलं. शाळेत पोटदुखीची चिठ्ठी पाठवून मी दुपारी गुपचूप गिंडीस्वामींकडे गेलो.

"या मास्तर," स्वामी म्हणाले. "चोगरू सापडला का?"

मी मान खाली घातली. मग स्वामी काही विचारीनात, नुसते माझ्याकडे बघत राहिले, आणि मी न विचारता सगळं ओकलो. पै, जीप, तारखा, प्रयोगशाळा. स्वामींनी सुस्कारा सोडला. "बाईला रविवारी घेऊन या. दात सांगतील."

शनिवारी नागवेणी आली. तो साधा शनिवार होता, ती दोनच्याच बसने आली. चहाचा कप तिच्या हातात देऊन मी घसा साफ केला.

"नागवेणी, लोक वाटेल ते बोलतायत. तू पुढच्या रविवारी कट्ट्यावर चूळ घे. लोकांची तोंडं एकदाची बंद होतील."

"लोकांची?" ती म्हणाली. "की तुमचं?"

ती कपाकडे बघत बसली. तिचे डोळे भरून आले होते असं मला वाटलं, पण मला ते कबुलीसारखं दिसलं. मत्सर झाला की माणसाला सगळं कबुलीसारखंच दिसतं.

"बरं, घेते," ती म्हणाली. "पण चूळ देण्याआधी काय काय करायला लावतात, ते सांगा. मी शनिवार-रविवारची पाहुणी, मला काही ठाऊक नाही."

मी सांगितलं. ज्याच्यावर आळ असेल त्याने दोन दिवस गोडव्रत पाळायचं. फक्त उसाचा रस, गुळाचं पाणी आणि तोडदेव, म्हणजे आमच्याकडची ती उसाच्या रसातली कागदासारखी पातळ गोड घडी. दाताला काडी लावायची नाही, बोटही नाही. आणि ज्याची तक्रार असेल त्याने शुद्धी करायची, तुसाची राख आणि मीठ घेऊन दिवसातून चार वेळा दात घासायचे.

नागवेणीने कप खाली ठेवला. "लाली कुठे जास्त दिसते? हिरडीच्या कडेला? दोन दातांच्या फटीत?"

"हो. तुला कसं ठाऊक?"

ती खदखदून हसली. डोळ्यांतलं पाणी तसंच, आणि हसतेय. "मी येईन रविवारी. पण चूळ तुम्हीही घ्यायची."

"मी कशाला? माझी तर तक्रार आहे!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"म्हणूनच," ती म्हणाली.

तो आठवडा मी कसा काढला, मलाच ठाऊक. स्वामींनी मला शुद्धी सांगितली होती, पण मी विज्ञानाचा शिक्षक, राख कशाला फासू? त्यापेक्षा मी अंथरुणावर पडून राहिलो आणि बहिणीने पाठवलेली तोडदेवाची चवड एकट्याने संपवली. दुःखात मला गोड लागतं. दात घासायचंही मनात येईना.

रविवार उजाडला. आज मास्तरांच्या बायकोची परीक्षा म्हटल्यावर शेजारच्या तीन गावांची माणसं लोटली. बंगार्या आणि त्याची बायको चौडम्मा गर्दीच्या पार मागे, फणसाखाली उभे होते.

नागवेणी साध्या सुती साडीत, खांद्याला पिशवी लावून आली. स्वामींनी गिंडी उचलली. "बाई, गोडव्रत पाळलंस?"

"आधी तीर्थ द्या," ती म्हणाली. "मग दात सांगतीलच की."

गर्दी हसली. तिने चूळ भरली, दोनदा पाण्याने खळखळून टाकली आणि लोकांकडे तोंड करून ओठ फाकले. जीभ गुलाबी झाली होती, पण दात पांढरेशुभ्र! एकाही फटीत लाली नाही.

माझ्या जिवातली कळ थांबली. खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद झाला की मी त्या क्षणी हुलिदेवाला नारळही फोडला असता.

पण स्वामींचा तोल गेला. गोडव्रत पाळलेल्या बाईचे दात पांढरे राहतात म्हणजे काय? ते ताडकन उठले. "हिने व्रत मोडलंय! हिने दात घासलेत!"

"घासले," नागवेणी म्हणाली. "दोन दिवस चार-चार वेळा घासले. म्हणजे स्वामी, राख आणि मीठ लावलं की खोटं धुऊन जातं? मग हुलिदेव माझं मन वाचतो की माझं दात घासणं?"

सुब्रायण्णा पुढे झाले. "म्हणजे काय, डॉक्टरीणबाई?"

नागवेणीने पिशवीतून एक बाटली काढली. आत तसंच लाल पाणी. तिने ते स्टीलच्या पेल्यात ओतलं. "हा रंग आमच्या कॉलेजात पोरांना दात घासायला शिकवताना वापरतात. आपल्या तोंडात लाखो जंतू राहतात, माझेही, तुमचेही, स्वामींचेही. त्यांना साखर मिळाली की ते तिच्यातून खळ करतात, चिकट, आणि त्या खळीने दाताला धरून बसतात. हा रंग त्या थराला धरतो, स्वच्छ दाताला धरत नाही. दोन दिवस कुणाला नुसता उसाचा रस पाजा आणि दात घासू देऊ नका, तो हरिश्चंद्र असला तरी लालच दिसेल. अहो, या इकडे."

शेवटचं मला होतं. मी पुढे गेलो. तिच्या हातात ना मंत्र, ना वाघाचं कापड, ना गिंडी. मी चूळ भरली, खळखळून टाकली आणि ओठ फाकले.

जो काही हशा पिकला म्हणता! फणसावरची पोरं खाली पडायच्या बेताला आली.

"मास्तर तर पिकल्या सुपारीसारखे झाले!" कुणीतरी ओरडलं.

"कोंबडी यांनीच नेली गं बाई माझी!" गौरक्काची शेजारीण म्हणाली.

"आणि गौरक्का निर्दोष सुटली," नागवेणी म्हणाली, "कारण रंगाला धरायला तिच्या तोंडात दातच नाहीत."

गौरक्काने पदर तोंडावर ओढला. नागवेणीने हात करून मागे हाक मारली. "बंगारण्णा, जरा पुढे येता का?"

तो भीत भीत आला. तिने त्याच्या तळहातावर राख-मीठ ठेवलं, विहिरीवर नेऊन दात घासायला लावले, सगळ्यांदेखत, चांगली पाच मिनिटं, फटीफटीतून. मग खुद्द स्वामींच्या गिंडीतलं तीर्थ त्याच्या ओंजळीत ओतलं. बंगार्याने खळखळून टाकलं आणि ओठ फाकले. पांढरे! लोक वाकून वाकून बघायला लागले. सुब्रायण्णा दोनदा बघून गेले.

"शुद्धी कोण करणार? स्वामी ज्याला सांगतील तो," नागवेणी म्हणाली. "गोडव्रत कोण करणार? स्वामी ज्याला सांगतील तो. निकाल दोन दिवस आधी स्वयंपाकघरात लागलेला असतो."

आता स्वामी कोपऱ्यात सापडले. आणि कोपऱ्यात सापडलेल्याने हातात होतं ते शेवटचं फेकून मारलं. "दात फसवता येतात, मान्य! पण हुलिदेव फसत नाही! विचारा हिला, दर तीन आठवड्यांनी शनिवारी ही परक्या पुरुषाच्या जीपमध्ये कुठे जाते? मला देवाने सांगितलंय!"

देवाने कसलं सांगितलंय? मी सांगितलं होतं. असा सगळं सांगणारा देव आधी तुमच्याआमच्याच तोंडून ऐकत असतो. एवढं कळून मी तिथेच शरमून जायला हवं होतं. पण पोटातली आग पुन्हा भडकली.

"हो! सांग!" मी ओरडलो. तोंडात लाल दात, आणि खिशातून कॅलेंडरवरच्या तारखांचा कागद काढला. चार गावांदेखत वाचायला लागलो. "नऊ सप्टेंबर! तीस सप्टेंबर! एकवीस ऑक्टोबर! अकरा नोव्हेंबर! दोन डिसेंबर! तेवीस डिसेंबर! प्रयोगशाळेत होतीस? हुलिदेवापुढे सांग, प्रयोगशाळेत होतीस?"

"नव्हते," नागवेणी म्हणाली.

"मग कुठे होतीस?"

"ते मी सांगणार नाही. मी शब्द दिलाय."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. नागवेणी सरळ उभी होती, माझ्याकडे बघत.

"थांबा, मास्तर."

चौडम्मा गर्दी फोडून पुढे आली. पदराने तोंड पुसत म्हणाली, "तारखा पुन्हा वाचू नका. मला पाठ आहेत. माझ्या चेन्नीच्या सुईच्या तारखा आहेत त्या."

"चौडी, गप!" बंगार्या ओरडला. त्याची भेदरलेली नजर स्वामींवर होती.

"नाही गप बसणार! ती माझ्यासाठी आपली अब्रू घालवून उभी आहे आणि मी गप बसू?" चौडम्मा लोकांकडे वळली. "घसा बरा झाला ना माझ्या पोरीचा? दोऱ्याने? झाला. पाचव्या दिवशी खेळायला लागली. आणि तीन आठवड्यांनी गुडघे सुजले, मग घोटे, मग छातीत धडधड, चार पावलं चालली की धाप. स्वामींकडे गेलो तर म्हणाले, दोरा बांधल्यावर सुईच्या डॉक्टरकडे गेलात तर दिलेला श्वास हुलिदेव परत घेईल. कुणाला सांगणार? आमचीच पोर यांचा पहिला चमत्कार! मी चोरून या बाईंचे पाय धरले. त्यांनी खाली नेलं. हृदयाची झडप खराब झालीय म्हणाले. दर एकवीस दिवसांनी सुई, चुकवायची नाही. हे कुणाला बोलणार नाही असा शब्द मीच घेतला त्यांच्याकडून."

सुब्रायण्णा दोन पावलं पुढे आले. "बंगार्या," ते हळू म्हणाले, "त्या शनिवारीच तू बागेतून गायब असायचास. म्हणून तर मी..."

"पोरीला खाली नेत होतो, धनी."

पोतं कुठे गेलं, ते आजही कुणाला ठाऊक नाही. पण सुब्रायण्णांनी तिथेच, सगळ्यांसमोर, बंगार्यापुढे हात जोडले.

मग नागवेणीने जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत देतो, कारण माझ्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा ते लहान होतं. "त्या जंतूंनी सुजलेला घसा पाच-सात दिवसांत आपोआप उतरतो. दोरा बांधा, न बांधा. म्हणून दोरा कधी हरत नाही. पण औषध घेतलं नाही तर काही पोरांत शरीर त्या जंतूंशी लढता लढता चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर वार करतं. तेही दोन-तीन आठवड्यांनी, जेव्हा घसा दुखला होता हे घरचे विसरूनही गेलेले असतात. वेळेवर औषध दिलं असतं तर चेन्नीचं हृदय बहुतेक वाचलं असतं."

एक बाई पुढे आली, तिने आपल्या पोराच्या गळ्यातला लाल दोरा दातांनी तोडला आणि नागवेणीला म्हणाली, "याचा घसा परवापासून दुखतोय. आज बघता?" नागवेणीने तिथेच कट्ट्यावर बसून बघितला. गिंडीस्वामी कधी उठून गेले ते कुणी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसला ते होते, गिंडी मात्र राहून गेली.

घरी परत जाताना मी तिच्या चार पावलं मागे चालत होतो. तोंड उघडायची सोय नव्हती, सगळं लाल.

"मला का नाही सांगितलंस?" शेवटी मी विचारलं.

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी सुपारी सोलताना तुम्ही त्यावर व्याख्यान दिलं असतं," ती म्हणाली. खोटं कुठे होतं?

"आणि पै?"

ती थांबली. "पै दातांचे डॉक्टर आहेत. चेन्नीचा दात किडला, हिरडी सुजली, तर तोंडातले जंतू रक्तातून जाऊन त्या खराब झडपेवर बसतात आणि मग पोर हाती लागत नाही. म्हणून दर खेपेला ते तिचे दात तपासतात. जीप त्यांची, कारण आपल्याकडे जीप नाही. आणि शाळेत ते मला हसवत होते असं तुम्हाला वाटलं ना, ते पोरांना हसवत होते. हसल्याशिवाय पोरं तोंड उघडत नाहीत." मग आवाज जड करून म्हणाली, "तुम्ही कट्ट्यावर तो कागद काढलात, ते मी विसरणार नाही."

विसरलेली नाही. मीही विसरलेलो नाही. तिने मला माफ केलं, पण बऱ्याच दिवसांनी, आणि फुकट नाही. तेरा जानेवारीला चेन्नीला घेऊन मी गेलो, बसने, घाट उतरून. मग तीन फेब्रुवारी, मग चोवीस फेब्रुवारी. नव्या कॅलेंडरवर खुणा मीच करतो, त्याच पेन्सिलीने. सुई टोचताना ती पोर माझा हात धरते आणि मी डोळे मिटतो. पैंचे दात अजून तसेच पांढरे आहेत आणि मला अजून थोडं जळतं. पण आता मी नागवेणीला विचारतो, आणि ती सांगते.

तुम्हाला एवढंच सांगायचंय. पोराचा घसा सुजला, ताप आला, तर दोऱ्याकडे जाऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, आणि औषध पुरतं संपवा. कुणी चमत्कार दाखवला तर विचारा, आदल्या दोन दिवसांत काय करायला लावलं होतं? आणि स्वामीला विचाराल तेच स्वतःलाही विचारा. माझ्याकडे सहा तारखा होत्या, सहाच्या सहा खऱ्या. त्यांतून मी एका बाईला खोटी ठरवलं आणि त्याच तारखा एका पोरीला जगवत होत्या.

पुढचा सुईचा शनिवार सोळा मार्चला आहे. पहिली बस सहाची, आणि दर खेपेला निघण्याआधी चेन्नी मला फाट्यावरच उभं करून विचारते, "मास्तर, दात घासले का?"